सत्तरीची पेन्शन आणि वाढलेल्या आयुष्याची वाटणी

२२ मे २०२५ रोजी डेन्मार्कच्या संसदेने ८१ विरुद्ध २१ मतांनी एक विधेयक संमत केले. त्यानुसार ३१ डिसेंबर १९७० नंतर जन्मलेल्या डॅनिश नागरिकाला सरकारी वार्धक्य निवृत्तिवेतन वयाच्या सत्तराव्या वर्षापासून मिळेल आणि हा बदल २०४० साली अमलात येईल. बातमी जगभर गाजली ती सत्तर या आकड्यामुळे. डेन्मार्कमध्ये मात्र हा निर्णय कोणालाही अनपेक्षित नव्हता. तेथील प्रमुख पक्षांनी २००६ मध्येच आपसात करार करून निवृत्तिवय आयुर्मानाशी जोडले होते. दर पाच वर्षांनी संसद आयुर्मानाचे ताजे आकडे तपासते आणि वय वाढवायचे ठरल्यास त्याची सूचना पंधरा वर्षे आधी देते. २०२५ चे मतदान हा त्याच वेळापत्रकातील एक टप्पा होता.

सत्तर हा आकडाही तसा जुनाच आहे. आधुनिक सरकारी वार्धक्यविमा सुरू केला तो जर्मनीने. बिस्मार्कच्या कारकिर्दीत १८८९ साली झालेल्या त्या कायद्यात निवृत्तिवेतनाचे वय सत्तर होते, आणि ते पासष्टवर आले १९१६ साली. ‘बिस्मार्कने स्वतःचे वय पाहून पासष्ट हा आकडा निवडला’ अशी एक गोष्ट आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात कायदा झाला तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. ब्रिटनने १९०८ साली वार्धक्य निवृत्तिवेतनाचा कायदा केला, तेव्हा तेथेही वयाची अट सत्तरचीच होती आणि गरीब वृद्धांना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळत. म्हणजे विसाव्या शतकात हे वय आधी खाली आले आणि आता ते पुन्हा वर निघाले आहे. मधल्या काळात बदलले ते सत्तरी गाठणाऱ्यांचे प्रमाण आणि त्यानंतरच्या आयुष्याची लांबी.

या बदलाविषयी एक अर्धवट समज फार पसरलेला आहे. पूर्वी लोक पेन्शनच्या वयापर्यंत पोहोचतच नसत, म्हणून त्या योजना परवडत होत्या, असे म्हटले जाते. पुराव्यादाखल जन्मवेळचे आयुर्मान दाखवले जाते. अमेरिकेत १९३० च्या सुमारास पुरुषांचे जन्मवेळचे आयुर्मान ५८ वर्षे होते आणि १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने पेन्शनचे वय ६५ ठेवले, म्हणजे सरासरी माणूस पेन्शन सुरू होण्याच्या सात वर्षे आधीच मरत होता, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब फसवा आहे. त्या काळी जन्मवेळचे आयुर्मान कमी होते ते मुख्यतः बालमृत्यूंमुळे, आणि पाळण्यात दगावलेल्या बाळाने पेन्शनसाठी अंशदान भरलेले नसते. पेन्शनच्या दृष्टीने अर्थपूर्ण प्रश्न दोनच आहेत: कमावत्या वयात पोहोचलेल्यांपैकी किती जण निवृत्तिवय गाठतात, आणि गाठल्यावर किती वर्षे जगतात?

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा प्रशासनाचे आकडे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे देतात. १९४० साली ६५ वर्षांच्या पिढीचा विचार केला, तर वयाची एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ५४ टक्के पासष्टीपर्यंत पोहोचले आणि त्यांच्यापुढे सरासरी १२.७ वर्षांचे आयुष्य होते. १९९० मधील पिढीसाठी हे आकडे ७२ टक्के आणि १५.३ वर्षे झाले. स्त्रियांच्या बाबतीत ते ६१ टक्के व १४.७ वर्षांवरून ८४ टक्के व १९.६ वर्षांपर्यंत गेले. म्हणजे १९४० मध्येही निम्म्याहून अधिक कामकरी माणसे पेन्शनपर्यंत पोहोचत होती. पुढच्या अर्धशतकात तेथवर पोहोचणारेही वाढले आणि पोहोचल्यानंतरचा मुक्कामही लांबला. या दोन वाढींचा गुणाकार होतो, आणि पेन्शन योजनांवरचा खरा ताण त्या गुणाकारातून येतो.

आयुर्मान वाढते म्हणजे नेमके काय होते, हे समजायला बेंजामिन गोम्पर्ट्झ या इंग्रज विमागणितज्ञाने १८२५ साली मांडलेला नियम उपयोगी पडतो. प्रौढ वयात एका वर्षात मृत्यू येण्याची शक्यता वयानुसार ठरावीक पटीने वाढत जाते. स्थूलमानाने दर आठ वर्षांनी ती दुप्पट होते. हा नियम उलट दिशेने वाचला, तर स्वच्छ पाणी, प्रतिजैविके, रक्तदाबावरची औषधे आणि घटलेले धूम्रपान यांमुळे एखाद्या वयाचा मृत्युदर निम्म्यावर आला असेल, तेव्हा त्या वयाचा माणूस मृत्यूच्या जोखमीपुरता आठ वर्षांनी तरुण झाला, असे म्हणता येते. निवृत्तिवय आयुर्मानाशी जोडण्यामागचा तर्क हाच आहे. जन्मापासून मोजलेल्या वर्षांऐवजी पुढे उरलेली वर्षे मोजावीत, असे त्याचे समर्थक म्हणतात. या तर्काची मर्यादाही येथेच नोंदवायला हवी. मृत्यूची जोखीम आणि काम करण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयविकाराने मरणे टळलेल्या गवंड्याचे गुडघे त्या औषधाने दुरुस्त होत नाहीत.

आता मूळ हिशेबाकडे वळू. बहुतेक सरकारी पेन्शन योजना चालू वसुलीवर चालतात. आज काम करणाऱ्यांकडून अंशदान किंवा कर गोळा होतो आणि तो त्याच महिन्यात आजच्या वृद्धांना वाटला जातो. समजा एक माणूस चाळीस वर्षे काम करतो, वीस वर्षे पेन्शन घेतो, पेन्शन सरासरी वेतनाच्या ४० टक्के आहे आणि लोकसंख्या स्थिर आहे. अशा समाजात दर दोन कमावत्यांमागे एक पेन्शनर असेल, आणि जमाखर्च जुळण्यासाठी प्रत्येक कमावत्याला वेतनाच्या २० टक्के द्यावे लागतील. सगळ्यांचे आयुष्य तीन वर्षांनी वाढले आणि बाकी काहीच बदलले नाही, तर चाळीस वर्षांच्या कमाईवर तेवीस वर्षे काढावी लागतील आणि अंशदान २३ टक्क्यांवर जाईल. ते वाढवायचे नसेल, तर पेन्शन वेतनाच्या सुमारे ३५ टक्क्यांवर आणावी लागेल. दोन्ही नको असतील, तर निवृत्ती पुढे ढकलावी लागेल. पेन्शनविषयीचे सगळे राजकारण या तीन पर्यायांच्या आतच फिरत असते.

तिसरा पर्याय अर्थमंत्र्यांना इतका प्रिय का असतो, तेही याच उदाहरणातून दिसते. आयुष्य न वाढताही निवृत्तिवय दोन वर्षांनी पुढे नेले, तर बेचाळीस वर्षे काम आणि अठरा वर्षे पेन्शन असे प्रमाण होते आणि अंशदान २० वरून थेट १७ टक्क्यांच्या आसपास उतरते. काम करण्याचे प्रत्येक वाढीव वर्ष दोन्ही बाजूंनी काम करते, कारण अंशदान देणाऱ्यांच्या रांगेत एक माणूस वाढतो आणि घेणाऱ्यांच्या रांगेतून तोच कमी होतो. अंशदान वाढवणे किंवा पेन्शन कापणे या उपायांमध्ये हा दुहेरी परिणाम नाही.

याच गणितातून आणखी एक बाब निघते, जी सार्वजनिक चर्चेत फारशी ऐकू येत नाही. आयुष्य तीन वर्षांनी वाढले असता निवृत्तिवय किती वाढवावे? तीन वर्षे वाढवले, तर वाढलेले सगळे आयुष्य कामात जाईल. जमाखर्चाचे मूळ प्रमाण टिकवायला एवढ्याची गरजच नसते. दोन वर्षे काम वाढवून एक वर्ष विश्रांतीला दिले, तर बेचाळीस आणि एकवीस असे प्रमाण होते, म्हणजे पुन्हा दोनास एक, आणि अंशदान २० टक्क्यांवर स्थिर राहते. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या पेन्शन करारानंतर हाच नियम स्वीकारला गेला. तेथे आयुर्मान एक वर्षाने वाढल्यास निवृत्तिवय आठ महिन्यांनी वाढते. फिनलंड आणि स्वीडन यांचे सूत्रही दोन तृतीयांशाचेच आहे. डेन्मार्कने मात्र पेन्शनचा सरासरी काळ साधारण साडेचौदा वर्षांचा असावा असे उद्दिष्ट ठेवले, त्यामुळे तेथे वाढलेले जवळजवळ संपूर्ण आयुष्य कामाच्या खात्यात जमा होते. माझ्या मते डॅनिश सूत्र गरजेपेक्षा कठोर आहे. त्या देशातही ही जाणीव झालेली दिसते, कारण पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी ही आपोआप होणारी वाढ कायम चालू राहणार नाही असे २०२४ मध्येच सूचित केले होते.

आतापर्यंत लोकसंख्या स्थिर धरली होती. प्रत्यक्षात तीही ढासळत आहे. पिढीची जागा पिढीने भरून निघण्यासाठी दर स्त्रीमागे सुमारे २.१ अपत्ये लागतात. हा दर दीर्घकाळ १.४ राहिला, तर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या दोन तृतीयांश एवढीच भरते. दक्षिण कोरियात तो २०२३ साली ०.७२ होता, म्हणजे तेथील पुढची पिढी आताच्या पिढीच्या सुमारे एक तृतीयांश असेल. आयुर्मान सावकाश वाढते आणि त्याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो, पण जननदर अवघ्या दोन दशकांत कोसळू शकतो. केवळ निवृत्तिवय वाढवून ही दुसरी तूट भरून काढू गेल्यास वय पंचाहत्तरीच्याही पलीकडे न्यावे लागेल. तेथे स्त्रियांचा रोजगारातील सहभाग, स्थलांतरितांचा स्वीकार आणि उत्पादकतेतील वाढ हेच उपाय उरतात.

‘मग प्रत्येकाने स्वतःपुरती बचत करून ठेवावी, सरकारी योजनेची कटकटच नको’ हा सल्ला यावर हमखास दिला जातो. व्यक्तीपुरता तो योग्य असला, तरी समाजाला तो जसाच्या तसा लागू होत नाही. २०५५ साली आजारी पडणाऱ्या वृद्धाला लागणारी परिचारिका, ताजे दूध किंवा बसचा चालक आज साठवून ठेवता येत नाही. त्या वर्षी वृद्ध जे काही वापरतील, ते त्या वर्षी काम करणाऱ्यांनीच निर्माण केलेले असेल. वृद्धांचा त्यावरचा हक्क करातून आला काय किंवा त्यांनी विकलेल्या रोख्यांतून आला काय, उत्पादन तेवढेच आणि वाटेकरीही तेवढेच. विकणारे वृद्ध पुष्कळ आणि विकत घेणारे तरुण थोडे अशी स्थिती आल्यास रोख्यांचे भाव उतरतात आणि तूट त्या वाटेने प्रकट होते. बचतीतून उत्पादक गुंतवणूक वाढली किंवा ती तरुण लोकसंख्येच्या देशांत गेली, तरच तिचा सामाजिक उपयोग होतो.

वैयक्तिक बचतीत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे आपण किती जगणार हे कोणालाच ठाऊक नसते. फ्रान्समधील आर्ल गावच्या झान काल्माँ यांनी १९६५ साली, वयाच्या नव्वदीत, आपले घर एका नोटरीला तहहयात मासिक रकमेच्या बोलीवर विकले. तो नोटरी १९९५ मध्ये वारला, तोवर त्याने घराच्या किमतीच्या दुपटीहून अधिक रक्कम भरली होती, आणि उरलेले हप्ते त्याच्या कुटुंबाने भरले. काल्माँ १९९७ साली १२२ व्या वर्षी निवर्तल्या. एकेकट्या माणसाचे आयुष्य किती लांबेल याचा अंदाज असा साफ फसू शकतो, पण दहा लाख माणसांच्या सरासरी आयुष्याचा फसत नाही. सर्वांची जोखीम एकत्र करणारी योजना याच कारणाने वैयक्तिक बचतीपेक्षा स्वस्तात तहहयात उत्पन्न देऊ शकते.

चालू वसुलीच्या योजनांनी एक भ्रमही निर्माण केला, आणि त्याची किंमत आजची पिढी मोजते आहे. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा पहिला मासिक धनादेश जानेवारी १९४० मध्ये व्हरमाँट राज्यातील आयडा मे फुलर यांना मिळाला. तोवर त्यांनी एकूण २४.७५ डॉलर अंशदान भरले होते, आणि पहिलाच धनादेश २२.५४ डॉलरचा होता. त्या शंभर वर्षे जगल्या आणि १९७५ पर्यंत त्यांना एकूण २२,८८८.९२ डॉलर मिळाले. योजना सुरू होते तेव्हा पहिल्या पिढीला भरलेल्या रकमेच्या कित्येक पट परत मिळते, कारण देणारे सगळे आणि घेणारे मूठभर असतात. १९५० साली अमेरिकेत एका लाभार्थ्यामागे अंशदान भरणारे सोळाहून अधिक होते, १९६० मध्ये ते पाच झाले, आणि आज ते तीनहूनही कमी आहेत. नातवंडांच्या पिढीला आजीएवढा परतावा मिळणार नाही, याचे मूळ योजनेच्या परिपक्व होण्यात आहे. गैरव्यवहार हे त्याचे मुख्य कारण नव्हे.

या घसरणीलाच वृत्तपत्रांत ‘पेन्शन योजना दिवाळखोरीत’ असे म्हटले जाते. अमेरिकेने १९८३ मध्ये निवृत्तिवय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ करण्याचे ठरवले आणि काही दशके शिल्लक साठवून राखीव निधी उभारला. विश्वस्तांच्या अलीकडील अहवालांनुसार वार्धक्य विभागाचा हा निधी २०३३ च्या सुमारास संपेल. निधी संपला तरी अंशदान येत राहणार आणि त्यातून ठरलेल्या पेन्शनच्या तीन चतुर्थांशाहून थोडी अधिक रक्कम देता येणार. जवळपास पाव हिस्सा एकदम कापला जाणे ही वृद्धांसाठी मोठीच आपत्ती ठरेल, पण योजना शून्यावर येणे ही वेगळी गोष्ट आहे. कर लावण्याचा अधिकार असलेल्या सरकारची चालू वसुलीची योजना खासगी कंपनीप्रमाणे बुडत नाही. ती आक्रसते, आणि ती किती व कोणासाठी आक्रसावी हे राजकारण ठरवते.

स्वीडनने हे आक्रसणे उघडपणे सूत्रातच लिहून ठेवले आहे. १९९० च्या दशकातील सुधारणेनंतर तेथे वेतनाच्या १८.५ टक्के रक्कम पेन्शनसाठी जमा होते. त्यांपैकी १६ टक्के चालू वसुलीच्या पद्धतीने आजच्या वृद्धांना वाटले जातात, पण भरणाऱ्याच्या नावाने एका हिशेबी खात्यात त्यांची नोंद राहते. उरलेले अडीच टक्के प्रत्यक्ष गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी खात्यातील रकमेला त्या पिढीच्या उर्वरित आयुर्मानावर आधारलेल्या आकड्याने भागतात. पिढी जितकी दीर्घायुषी, तितका भाजक मोठा आणि मासिक पेन्शन लहान. ती भरून काढायची असेल तर अधिक वर्षे काम करायचे. देणी मालमत्तेपेक्षा वाढली की पेन्शनची वाढ रोखणारा एक स्वयंचलित ब्रेकही त्यात आहे. जागतिक आर्थिक संकटानंतर २०१० साली तो पहिल्यांदा लागला आणि पेन्शन खरोखरच कमी झाल्या. अशी योजना हिशेबाने कधीच कोसळत नाही. तिच्यातून मिळणारी पेन्शन जगायला पुरेल का, हे मात्र सूत्र सांगत नाही.

युरोपीय संघाच्या २०२४ च्या अंदाजांतही हाच पेच आहे. सरकारी पेन्शनवरचा खर्च २०२२ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होता आणि २०७० मध्येही तो बारा टक्क्यांच्या आतच राहील असे त्यांत म्हटले आहे. एवढे वृद्ध वाढूनही खर्च स्थिर राहतो, याचा अर्थ वेतनाच्या तुलनेत पेन्शन घटत जाणार हे कायद्यांत आधीच लिहिलेले आहे. ‘योजना टिकेल का’ याचे उत्तर बहुतेक देशांत ‘टिकेल’ असे आहे. ती टिकवताना कोणाच्या ताटातले कमी केले, हा खरा वादाचा भाग आहे.

फ्रान्समधील संघर्ष याच मुद्द्यावर पेटला. १९८२ मध्ये समाजवादी अध्यक्ष मितराँ यांच्या काळात तेथील निवृत्तिवय ६५ वरून ६० वर आले होते, २०१० च्या सुधारणेने ते ६२ झाले, आणि २०२३ मध्ये ते ६४ करण्याचा कायदा सरकारने संसदेत अंतिम मतदान टाळून, राज्यघटनेच्या ४९व्या कलमातील तिसऱ्या परिच्छेदाच्या आधारे रेटला. कित्येक आठवडे देशभर संप आणि मोर्चे झाले. अखेर २०२५ च्या शेवटी सरकार वाचवण्यासाठी हीच वाढ स्थगित करावी लागली. बाहेरून पाहणाऱ्याला हा दोन वर्षांसाठी चाललेला हट्ट वाटतो, पण फ्रान्सच्याच सांख्यिकी संस्थेचे आकडे पाहिले की विरोधाचे कारण कळते. २०१२ ते २०१६ या काळात सर्वाधिक श्रीमंत पाच टक्के पुरुषांचे जन्मवेळचे आयुर्मान ८४.४ वर्षे होते, तर सर्वाधिक गरीब पाच टक्के पुरुषांचे ७१.७ वर्षे, म्हणजे जवळपास तेरा वर्षांची दरी. स्त्रियांमध्ये ही दरी आठ वर्षांची होती. हे जन्मवेळचे आकडे असल्याने त्यांतून निवृत्तिवय सरळ वजा करता येत नाही, परंतु चौसष्टी गाठलेल्यांमध्येही गरीब आधी मरतो हे सत्य उरतेच.

आता यावर दोन वर्षांची वाढ लादून पाहा. ज्याला निवृत्तीनंतर चोवीस वर्षे मिळणार आहेत, त्याची बारावा हिस्सा पेन्शन गेली. ज्याला बाराच मिळणार आहेत, त्याची सहावा हिस्सा गेली. सर्वांना समान वाटणारी ही वाढ दुबळ्याकडून दुप्पट प्रमाणात वसूल होते. शिवाय आयुर्मानाची सरासरी वर जाते ती बरीचशी सुशिक्षित, बसून काम करणाऱ्यांच्या वाढत्या आयुष्यामुळे, आणि तिच्या आधारे वाढवलेले वय मात्र छपरे घालणाऱ्यालाही लागू होते. यावर डेन्मार्कने २०२२ पासून एक तोड काढली. फार लहान वयात कामाला लागून चार दशकांहून अधिक काळ राबलेल्यांना एक ते तीन वर्षे आधी निवृत्त होता येते, आणि प्रचारमोहिमेत झळकलेल्या एका मद्यनिर्मिती कामगाराच्या नावावरून लोक तिला ‘आर्ने पेन्शन’ म्हणतात. वयाऐवजी कामाची वर्षे मोजण्याची ही पद्धत मला तत्त्वतः अधिक न्याय्य वाटते, कारण पंधराव्या-सोळाव्या वर्षी कामाला लागलेला आणि सव्विसाव्या वर्षी पदवी घेऊन लागलेला यांना एकाच वयाच्या रेषेवर उभे करणे हा हिशेबाचाच दोष आहे.

वय वाढवल्याने लोक खरोखर अधिक काळ काम करतात का, याचेही उत्तर सरळ नाही. ऑस्ट्रियाने २००० नंतरच्या दशकात लवकर निवृत्तीचे वय वाढवले, तेव्हा त्या वयोगटातील रोजगार वाढला, पण बेरोजगार म्हणून नोंद होणाऱ्यांची संख्याही जवळपास तितकीच वाढली. ज्यांची प्रकृती आणि नोकरी दोन्ही धड होत्या, ते कामावर राहिले. बाकीचे पेन्शनऐवजी बेकारभत्त्यावर गेले.

भारतात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. महाराष्ट्राचा एकूण जननदर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १.७ आणि गोव्याचा १.३ आहे, म्हणजे दोन्ही राज्ये पिढीभरपाईच्या खाली गेलेली आहेत. साठीपुढील लोकसंख्येचे प्रमाण २०११ च्या जनगणनेत देशात ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. २०३६ पर्यंत देशात ते १५ टक्क्यांच्या घरात जाईल, असा सरकारनियुक्त तांत्रिक गटाचा अंदाज आहे. पासष्टीपुढील लोकसंख्या ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षे लागली आणि जपानला २४. फ्रान्स सावकाश म्हातारा झाला आणि त्याआधी श्रीमंत झाला. आपल्याला तेवढी सवड मिळण्याची चिन्हे नाहीत.

आपल्याकडे पेन्शनचा वाद मात्र ऐकू येतो तो सरकारी कर्मचाऱ्यांचा. जुन्या योजनेत कर्मचारी स्वतः काहीच भरत नाही आणि त्याला अखेरच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन महागाई भत्त्यासह मिळते. ऐंशीव्या वर्षी तीत २० टक्क्यांची भर पडते आणि शंभरीला ती दुप्पट होते. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून नव्या भरतीसाठी ही पद्धत बंद करून अंशदायी योजना आणली. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घेऊन मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, ते या बदलाविरुद्ध. त्यांची भीती निराधार नव्हती, कारण अंशदायी योजनेने बाजारातील चढउतार आणि दीर्घायुष्य अशा दोन्ही जोखमी एकेकट्या माणसावर टाकल्या होत्या. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आणलेल्या एकीकृत योजनेत २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्क्यांची हमी आहे. कर्मचारी १० टक्के आणि सरकार १८.५ टक्के भरते. जोखीम सरकारकडे परत आली, हे मला मान्य आहे. खटकते ते एवढेच की या सूत्रात आयुर्मानाचा उल्लेख कोठेही नाही. पुढील तीस वर्षांत निवृत्तांचे आयुष्य चार वर्षांनी वाढले, तर त्या चार वर्षांचा खर्च आपोआप करदात्यांवर पडेल, आणि त्या करदात्यांत ज्यांना स्वतःला कसलीच पेन्शन नाही असे बहुसंख्य आहेत.

महाराष्ट्रात बहुतांश राज्य कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, तर गट ड मधील कर्मचारी साठाव्या. हे वय सरसकट साठ करण्याची संघटनांची मागणी जुनी आहे आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचा तिला विरोध आहे. वृद्धांनी नोकरी धरून ठेवली तर तरुणांची जाते, हा समज संपूर्ण अर्थव्यवस्थेबाबत चुकीचा आहे, कारण तेथे नोकऱ्यांची संख्या ठरलेली नसते. मंजूर पदांच्या सरकारी चौकटीत तो काही काळापुरता खरा ठरतो. वय दोन वर्षांनी वाढवले की दोन वर्षे निवृत्तीमुळे रिकामी होणारी पदे जवळजवळ थांबतात. त्यानंतर प्रवाह पुन्हा सुरू होतो: सरासरी सेवा ३० वर्षांची असेल तर दरवर्षी ३.३ टक्के पदे रिकामी होतात, ३२ वर्षांची झाल्यास ३.१ टक्के. कायमचा तोटा किरकोळ आहे, पण नेमक्या त्या दोन वर्षांत वयोमर्यादा ओलांडणाऱ्या उमेदवाराला हे सांगून उपयोग नाही. म्हणून वाढ करायचीच असेल, तर ती वर्षाला तीन-साडेतीन महिन्यांनी, सात-आठ वर्षांत पसरून करावी. जर्मनीने ६५ वरून ६७ वर जाण्यासाठी २०१२ ते २०३१ एवढा काळ घेतला आहे.

संघटित क्षेत्राबाहेर निवृत्तिवय ही कल्पनाच लागू पडत नाही. बीडचा ऊसतोड कामगार शरीर चालेल तोवर कोयता चालवतो. त्याच्यासाठी राज्याची श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यात २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे आणि किमान वय ६५ आहे. म्हणजे एकाच राज्यात मंत्रालयातल्या लिपिकाला ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते आणि शेतमजुराला तिच्यासाठी त्यानंतर सात वर्षे थांबावे लागते, जरी या दोघांत आधी थकणारा आणि बहुधा आधी मरणारा शेतमजूरच असतो. पेन्शन उशिरा सुरू व्हावी का, या प्रश्नाचे उत्तर येथे दोन गटांसाठी दोन दिशांना जाते: लिपिकाचे वय आयुर्मानाच्या दोन तृतीयांश गतीने वर जायला हरकत नाही आणि शेतमजुराचे खाली आणायला हवे. केंद्राने आपल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेतील वयाची अट २०११ मध्ये ६५ वरून ६० केलीच होती. त्या योजनेत ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा हिस्सा मात्र २००६-०७ मध्ये महिना २०० रुपये ठरला आणि तो आजही तेवढाच आहे. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्याच्या पेन्शनवरील महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी किंमत निर्देशांक पाहून सुधारला जातो. हाच निर्देशांक त्या २०० रुपयांना लावण्यासाठी नव्या योजनेची किंवा नव्या यंत्रणेची गरज पडणार नाही.